मूळपणाचा हिशेब
स्पोर्ट्स कार बदलावी की जपावी?

मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक प्रश्न आहे. आजीच्या पेटीतील जुन्या घडणीची ठुशी जपून ठेवावी, की ती मोडून आजच्या धाटणीचा हार करून घ्यावा? सराफ ठुशी तराजूत घालतो, घट वजा करतो, नवी घडणावळ सांगतो आणि सोन्याचा हिशेब चोख लागतो. वजनाचे सोने हाती राहते; मात्र ज्या कारागिराने एकेक मणी गुंफून ती ठुशी घडवली, त्याची कारागिरी एकदा मुशीत गेली की ती पुन्हा बाहेर येत नाही.

वाहनांच्या जगात नेमका हाच प्रश्न स्पोर्ट्स कारच्या मालकांपुढे उभा असतो. कारखान्यातून आली तशीच गाडी ठेवावी, की अधिक शक्ती, अधिक रुबाब आणि आपल्या मनासारखे रूप देण्यासाठी तिच्यात बदल करावेत? जगभरचे हौशी मालक या प्रश्नावर दोन पक्षांत विभागले गेले आहेत. एका पक्षाच्या मते निर्मात्याच्या कृतीला हात लावणे हा अपराध आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते स्वतःच्या पैशाने घेतलेली गाडी स्वतःच्या आवडीने सजवण्याचा अधिकार मालकाचा आहे.

हा वाद केवळ धनिकांचा राहिलेला नाही. वाहनकर्जाची सोय आणि वापरलेल्या गाड्यांची विस्तारलेली बाजारपेठ यांमुळे व्यावसायिक, डॉक्टर, अभियंते आणि नोकरदार तरुणही आज वेगवान गाड्या बाळगू लागले आहेत. ज्यांना खरी स्पोर्ट्स कार परवडत नाही, ते आपल्या छोट्या गाडीलाच तिचे गुण देऊ पाहतात. बदल करण्यापूर्वी गॅरेजवाल्याचा सल्ला सर्वजण घेतात. कायदा, विमा आणि कर्जाचा करार मात्र फारच थोडे जण वाचतात. म्हणून आपल्या ग्राहकवाचकांसाठी या विषयाची सर्व अंगांनी चर्चा करणे उचित ठरावे.

संतुलनाचे शास्त्र

स्पोर्ट्स कार म्हणजे नुसती वेगवान गाडी नव्हे. कमी वजन, जमिनीलगतचा गुरुत्वमध्य, चालकाच्या हाताला तत्काळ प्रतिसाद देणारे स्टिअरिंग आणि वळणावर पकड न सोडणारी चाके या गुणांचा तो मेळ असतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर हे पाच घटक एकमेकांच्या मापाने घडवलेले असतात. त्यांतील एकाचे माप बदलले की उरलेल्या चौघांवर त्याचा भार पडतो. बदलाचा विचार करताना हे सूत्र प्रथम ध्यानी घ्यावयास हवे.

सर्वांत लोकप्रिय बदल म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकातील आज्ञावली बदलणे, ज्याला बाजारात ‘रीमॅप’ म्हणतात. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात हवेचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ यांत फेरफार करून एखादा स्क्रूही न खोलता शक्ती वाढवता येते. तथापि, ही वाढीव शक्ती चाकांपर्यंत पोहोचते ती क्लच आणि गिअरबॉक्समधूनच. भारतात २०१३ पासून काही वर्षे विकली गेलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय ही तरुणांची लाडकी गाडी उदाहरणादाखल घेता येईल. तिच्या १.२ लिटर इंजिनाचा टॉर्क १७५ न्यूटन-मीटर, तर तिचा सात गतींचा, कोरड्या क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी रचलेला. या दोन आकड्यांतील अंतर म्हणजे निर्मात्याने राखून ठेवलेली गंगाजळी होय. उष्ण हवामान, भेसळीचे इंधन, चढाचे रस्ते आणि वर्षानुवर्षांची झीज यांसाठी ती राखलेली असते. रीमॅप करणारा त्या गंगाजळीतून उचल करतो. उचल किती झाली हे गाडी त्या दिवशी सांगत नाही. ते पुढे कधीतरी, क्लच जळाल्यावर उमगते.

वेगाचा हिशेब तर अधिकच कठोर आहे. धावत्या गाडीतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरवरून ताशी १४० किलोमीटरवर गेल्यास वेग चाळीस टक्क्यांनी वाढला असे आपण म्हणतो, पण ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा जवळपास दुप्पट झालेली असते. सुजाण कारागीर त्यामुळेच प्रथम ब्रेक आणि टायर यांकडे पाहतो व इंजिनाकडे शेवटी वळतो. आपल्याकडे बहुधा हा क्रम उलटा असतो, कारण ब्रेकचा गडगडाट शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

चाकांचेही तसेच. १८५/६० आर १५ या मापाच्या टायरऐवजी दिसायला भारदस्त म्हणून १९५/५५ आर १६ बसवला, तर चाकाचा एकूण व्यास सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो. म्हणजे स्पीडोमीटरच्या काट्यात जितके अंतर एरवी पडत असेल, त्याखेरीज आणखी तीन टक्के वेग काटा लपवू लागतो. जड चाके सस्पेन्शनला खड्ड्यातून सावरणे अवघड करतात, ते निराळेच.

गाडी खाली आणण्याच्या हौसेलाही भारतीय रस्त्यांची मर्यादा आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे बांधलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. मानक न पाळता एका रात्रीत उगवलेल्या गतिरोधकांविषयी न बोललेलेच बरे. ज्या गाडीचा तळ मुळातच जमिनीपासून बारा-तेरा सेंटिमीटरवर आहे, तिच्या स्प्रिंगा कापून ती आणखी चार सेंटिमीटर खाली आणणे म्हणजे प्रत्येक गतिरोधकाला तिची ओटी भरण्यासारखे आहे.

बदलातूनच घडलेला इतिहास

इतके सांगितल्यावर कोणी म्हणेल, मग बदल हा त्याज्यच मानावा. परंतु इतिहास या निष्कर्षाला दुजोरा देत नाही. स्पोर्ट्स कारचा इतिहास हा बऱ्याच अंशी बदल करणाऱ्यांचा इतिहास आहे.

इंग्लंडमधील बेंटली कंपनीचे उदाहरण बोलके आहे. संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा विश्वास मोठ्या, साध्या आणि टिकाऊ इंजिनांवर होता. अधिक शक्ती हवी तर इंजिन मोठे करावे, त्यात हवा कोंबण्यासाठी सुपरचार्जर लावू नये, हे त्यांचे ठाम मत. त्यांच्याच चमूतील शर्यतपटू टिम बर्किन यांना हे मान्य नव्हते. डोरोथी पॅजेट या धनाढ्य महिलेच्या अर्थसाहाय्याने आणि अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स यांनी रचलेल्या सुपरचार्जरच्या बळावर बर्किन यांनी साडेचार लिटरच्या बेंटलीचे ‘ब्लोअर’ बेंटलीत रूपांतर केले. मूळ इंजिनाची शक्ती ११० अश्वशक्ती होती. शर्यतीच्या ब्लोअरमध्ये ती सुमारे २४० पर्यंत पोहोचली.

पुढे काय झाले? १९३० च्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत दोन्ही ब्लोअर गाड्या मधूनच बाद झाल्या आणि विजेतेपद मिळाले ते सुपरचार्जर नसलेल्या बेंटली स्पीड सिक्सला. निर्मात्याचे म्हणणे खरे ठरले! मात्र त्याच वर्षी फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत बर्किन यांनी ब्लोअर दुसऱ्या क्रमांकावर आणली आणि १९३२ मध्ये ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर ताशी १३७.९६ मैलांचा विक्रम नोंदवला. विक्रमाची ती एकआसनी गाडी २०१२ मध्ये लिलावात पन्नास लाख पौंडांहून अधिक किमतीस विकली गेली. ज्या बदलाला निर्मात्याने विरोध केला, तोच आज त्या नाममुद्रेचा मानबिंदू झाला आहे. २०१९ मध्ये तर बेंटली कंपनीनेच जुन्या ब्लोअरच्या बारा हुबेहूब प्रतिकृती बांधण्याची घोषणा केली.

जर्मनीत १९६७ मध्ये हान्स वेर्नर आउफरेख्ट आणि एरहार्ड मेल्खर या दोन अभियंत्यांनी मर्सिडीज गाड्यांची इंजिने सुधारून देणारी एक छोटी कार्यशाळा सुरू केली. १९७१ मध्ये बेल्जियममधील स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांनी सुधारलेली अवजड, लाल रंगाची मर्सिडीज ३०० एसईएल एकूण क्रमवारीत दुसरी आणि आपल्या वर्गात पहिली आली. ती कार्यशाळा म्हणजे एएमजी. १९९९ मध्ये मर्सिडीजच्या मूळ कंपनीने तिचा बहुसंख्य हिस्सा आणि २००५ मध्ये संपूर्ण मालकी घेतली. काल जो ‘बाहेरचा बदल’ होता, तो आज कारखान्याचा अधिकृत शिक्का आहे. ब्रिटनच्या एसी एस या नाजूक गाडीत १९६२ साली अमेरिकन फोर्ड व्ही-८ इंजिन बसवून कॅरोल शेल्बी यांनी घडवलेली कोब्रा हीदेखील बदलाचीच संतती. तिचा पहिला नमुना २०१६ मध्ये १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरला विकला गेला.

आपल्या संस्थानी वारशातही ‘मूळ गाडी म्हणजे काय?’ हा प्रश्न दडलेला आहे. त्या काळी उंची गाड्यांचे निर्माते बहुधा इंजिनासह सांगाडा देत आणि काया दुसऱ्याच कारागिराकडून ग्राहकाच्या मनाप्रमाणे बांधून घेतली जाई. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांची १९३० च्या दशकातील ड्यूझेनबर्ग एसजे ही या प्रथेची नामांकित साक्ष आहे. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेचे, तर काया लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांची. इथे मालकाची आवड हीच गाडीची मूळ अवस्था आहे.

या साऱ्या उदाहरणांत एक समान धागा आहे, तो नजरेआड करू नये. बर्किन, एएमजी किंवा शेल्बी यांनी केलेले बदल हे संपूर्ण यंत्राचा विचार करून, शर्यतीच्या कसोटीवर घासून आणि स्वतःच्या नावावर जबाबदारी घेऊन केलेले होते. बाजारातून आणलेला एक सायलेन्सर आणि दुसऱ्या दिवशी लावलेला एक पंख यांना त्या परंपरेचे वारसदार म्हणता येणार नाही.

मूळपणाला आलेले मोल

गाडी जसजशी जुनी व दुर्मीळ होते, तसतसे मूळपणाचे मोल वाढत जाते. सांगाड्यावर आणि इंजिनावर कोरलेले क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळत असतील, तर त्या गाडीला लिलावात वेगळाच मान मिळतो. फेरारी कंपनीने २००६ मध्ये ‘क्लासिके’ हा स्वतंत्र विभाग सुरू केला. जुन्या गाडीचे घटक मूळ नोंदींशी ताडून तो अस्सलतेचे प्रमाणपत्र देतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही गाडीच्या स्वत्वाची स्वतंत्र लेखापरीक्षाच होय.

मात्र मूळपण म्हणजे न बदललेपण, हे समीकरण येथेही सरळ नाही. १९६२ ते १९६४ या काळात अवघ्या तीन डझनांच्या आसपास बनलेल्या फेरारी २५० जीटीओ गाड्यांपैकी एक २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. लिलावात विकल्या गेलेल्या गाड्यांतील ती त्या वेळची उच्चांकी किंमत होती. या गाडीची काया मूळची नव्हती! १९६४ मध्ये, म्हणजे ती गाडी शर्यतीत धावत असतानाच, स्कालिएत्ती या फेरारीच्याच काया-कारागिरांनी तिला नव्या रचनेची काया चढवली होती. तरीही जाणकारांनी तिला अस्सल मानले. कारण इंजिन आणि गिअरबॉक्स मूळचेच होते, बदल कोणी व कधी केला हे लेखी ठाऊक होते, आणि तो करणारे हात अधिकारी होते.

याउलट कॅलिफोर्नियातील सिंगर या कंपनीने २००९ पासून एक नवी वाट चोखाळली. १९८९ ते १९९४ या काळातील पोर्श ९११ गाड्या घेऊन त्यांना कार्बन फायबरची काया आणि नव्याने बांधलेली इंजिने बसवायची, हे तिचे काम. या कलाकुसरीला प्रचंड मागणी आहे. तथापि, तयार होणाऱ्या प्रत्येक सिंगरपायी त्या काळची एक मूळ पोर्श जगातून कमी होते. आज असे वाटू शकते की गाड्या पुष्कळ आहेत. एक गेली तर काय बिघडले? पण दुर्मीळपणा हा असाच, एकेकीच्या जाण्याने येतो, आणि तो आल्याचे ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

जुन्या वाहनांच्या जतनासाठी १९६६ पासून कार्य करणाऱ्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. वापरासाठी बदल करणे भागच असेल तर तो शक्यतो परत फिरवता येण्याजोगा असावा, काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत जपून ठेवावेत आणि केलेल्या कामाची पद्धतशीर नोंद राखावी, असा तिचा आशय आहे. बदलाला सरसकट नकार न देता त्याला शिस्त लावणारी ही भूमिका आहे आणि ती सर्वसामान्य मालकालाही सहज अंगीकारता येईल.

कायदा काय म्हणतो

परदेशात हा वाद मुख्यतः अभिरुचीचा असला, तरी भारतात तो प्रथम कायद्याचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि निर्मात्याने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ‘बदल’ या शब्दाचा अर्थही तेथे दिला आहे : वाहनाच्या रचनेतील असा फेर, ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप बदलते. सर्वोच्च न्यायालयाने ७ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात निकाल देताना निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, हे स्पष्ट केले. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवणे यांसारख्या बाबींना विहित अटींवर मुभा आहे. परवानगीने बदल केला तरी तो चौदा दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला, म्हणजे आरटीओला, कळवावा लागतो.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १८२अ तर प्रत्येक हौशी मालकाने वाचावे. अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलासाठी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ध्वनी व वायुप्रदूषणाची मर्यादा ओलांडल्यास कलम १९० खाली होणारी कारवाई आणखी वेगळी. इंजिन बदलायचे तर पूर्वपरवानगी आणि नव्या इंजिन क्रमांकाची नोंद हवी. रंग हादेखील नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील असल्याने संपूर्ण गाडी वेगळ्या रंगाने रंगवण्यापूर्वीही आरटीओला विचारणे श्रेयस्कर.

कायद्याने मूळपणाला बक्षीसही ठेवले आहे. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी नवे नियम जारी केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुन्या, खासगी वापरातील वाहनाला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला विशेष क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि मुदत दहा वर्षे ठरवण्यात आली. अट एकच, पण निर्णायक : वाहन मूळ स्वरूपात असावे, सांगाडा, काया किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

या अटीचा अर्थ आपल्याच एका गाडीच्या उदाहरणाने समजेल. १९९८ मध्ये बाजारात आलेली सॅन स्टॉर्म ही गोव्यात बांधली गेलेली दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार. फायबरग्लासची काया आणि रेनो कंपनीचे ११४९ सीसी इंजिन असलेली ही गाडी फार थोड्यांनी घेतली. निर्मिती थांबलेल्या अशा गाडीचे सुटे भाग मिळेनासे झाले की दुसरे एखादे सहज मिळणारे इंजिन बसवण्याचा मोह होतो. पण १९९८ सालची गाडी पन्नास वर्षांची होईल ती २०४८ मध्ये. तेव्हा भारतात बनलेल्या स्पोर्ट्स कारचा आरंभकाळ कसा होता, हे पाहावयाचे झाल्यास ज्या मालकाने ती मूळ स्थितीत राखली, त्याच्याच दारी जावे लागेल.

कर्ज, विमा आणि मूल्यांकन

कर्जाऊ घेतलेली गाडी बँकेकडे नजरगहाण असते आणि तशी नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर असते. म्हणजे गाडीचा ताबा आणि उपभोग ग्राहकाचा, पण कर्ज फिटेपर्यंत ती बँकेच्या रकमेचे तारणही असते. तारणाचे स्वरूप बदलण्यापूर्वी बँकेला विचारणे हे कराराचे बंधन तर आहेच. शिवाय मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ मध्येही भाडेखरेदी करारावरील वाहनात नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीशिवाय बदल करू नये, अशी तरतूद आहे. आपल्या शाखेत एक अर्ज देण्यास दहा मिनिटे लागतात. ती न दिल्यास होणारी गुंतागुंत वर्षानुवर्षे पुरू शकते.

विम्याचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी विमा घेताना ठरवली जाणारी रक्कम, म्हणजे आयडीव्ही, निर्मात्याच्या सूचीतील किमतीतून घसारा वजा करून काढतात. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षअखेरपर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के असा रूढ घसारा आहे. या सूत्रात आपण बसवलेल्या दोन लाखांच्या चाकांना आणि दीड लाखाच्या एक्झॉस्टला आपोआप स्थान मिळत नाही. त्यांची घोषणा करून, हप्त्यात वाढ स्वीकारूनच त्यांना संरक्षण मिळवावे लागते. याहून महत्त्वाचे म्हणजे इंजिनाची शक्ती वाढवल्याचे विमा कंपनीला कळवलेच नाही, तर गाडीची जोखीमच लपवल्यासारखे होते. अपघातानंतर सर्वेक्षकाने तो बदल शोधला, तर चाकांची भरपाई राहोच, संपूर्ण गाडीचा दावा अडचणीत येतो. निर्मात्याची हमी तर त्या घटकापुरती बहुधा आधीच संपुष्टात आलेली असते.

फेरविक्रीच्या वेळी हिशेब पूर्ण होतो. बदलांवर खर्च केलेली रक्कम विक्रीच्या किमतीत क्वचितच परत येते, कारण पुढच्या ग्राहकाची आवड आपल्यासारखी असेलच असे नाही. उलट, गाडी बेदरकारपणे वापरली गेली असावी, अशी शंका त्याच्या मनात येते. लेखाशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर मूळपण ही भांडवली मत्ता आहे आणि बदलावरचा खर्च हा बहुतांशी उपभोगखर्च. उपभोगावर खर्च करणे हा गुन्हा नव्हे. हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतोच. मात्र त्या खर्चाला गुंतवणूक म्हणून स्वतःची समजूत घालू नये.

निर्णयाच्या तीन कसोट्या

तर मग सुजाण मालकाने काय करावे? प्रस्तुत लेखकाच्या मते ‘बदल की मूळपण’ असा प्रश्न विचारण्याऐवजी प्रत्येक बदलाला तीन कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी : हा बदल परत फिरवता येईल का? कायदेशीर मापाची वेगळी चाके, उत्तम प्रतीचे टायर, अधिक पकड देणारे ब्रेक पॅड, बैठकीवरचे आवरण हे उद्या काढून मूळ भाग बसवता येतात. कापलेला पत्रा, भोके पाडलेला डॅशबोर्ड, कापलेल्या स्प्रिंगा, खरवडलेला क्रमांक यांना परतीचा मार्ग नाही. मूळपण हे एकदाच खर्च करता येणारे भांडवल आहे; ते संपले की कोणतीही बँक त्यासाठी कर्ज देऊ शकत नाही.

दुसरी कसोटी : हा बदल उघडपणे नोंदवता येईल का? आरटीओ, विमा कंपनी, बँक आणि उद्याचा खरेदीदार या चौघांना जो सांगता येतो, तो बदल स्वच्छ. ज्याविषयी चौघांपैकी एकाशीही गप्प बसावे लागते, तो बदल गाडीत नव्हे तर आपल्या ताळेबंदात दोष निर्माण करतो.

तिसरी कसोटी : उरलेली गाडी हा बदल सोसू शकेल का? शक्ती वाढवायची तर ब्रेक, टायर आणि गिअरबॉक्स यांची क्षमता आधी तपासावी. या कसोटीला गाडीचे मूल्य लागू पडत नाही; ती प्राणांची कसोटी आहे, गाडीत बसणाऱ्यांच्या आणि रस्त्याने चालणाऱ्यांच्याही.

या तिन्ही कसोट्या सर्व गाड्यांना सारख्याच कठोरपणे लावण्याचे कारण नाही. हजारोंच्या संख्येने बनलेल्या आणि रोजच्या वापरातील गाडीत पहिली कसोटी थोडी सैल करता येईल. दुसरी व तिसरी मात्र कधीच नाही. गाडी जितकी दुर्मीळ, तितकी पहिली कसोटी कठोर. आणि ज्या गाडीचे भाईबंद बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, तिला स्वच्छ ठेवणे, वेळेवर तेल बदलणे आणि आठवड्यातून एकदा फिरवून आणणे, एवढीच सेवा पुरेशी आहे.

यासाठी एक साधी सवय प्रत्येक मालकाला लावून घेता येईल. गाडीची एक स्वतंत्र फाइल ठेवावी. तिच्यात खरेदीचे बिल, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, विम्याची पॉलिसी, प्रत्येक दुरुस्तीची पावती, बदलापूर्वीची छायाचित्रे आणि आरटीओ, बँक व विमा कंपनी यांच्याशी झालेला पत्रव्यवहार असावा. काढलेले मूळ भाग पुसून, तेल लावून, चिठ्ठी चिकटवून माळ्यावर ठेवावेत. भंगारवाल्याला दिलेल्या जुन्या एक्झॉस्टचे चारशे रुपये मिळतात. वीस वर्षांनी तोच एक्झॉस्ट शोधताना चार राज्ये पालथी घालावी लागतात आणि तरीही तो मिळेलच याची शाश्वती नसते.

कायद्याच्या दृष्टीने गाडीचा मालक एकच असला, तरी चांगली स्पोर्ट्स कार सहसा एकाच मालकाबरोबर संपत नाही. ती पुढे मुलाकडे जाते, भाच्याकडे जाते, किंवा पूर्ण अनोळखी अशा एखाद्या दर्दी माणसाच्या हाती पडते. आपल्या हयातीत आपण तिचे मालकही असतो आणि विश्वस्तही. मालकाने तिचा मनमुराद आनंद लुटावा, घाटातल्या पहाटेच्या वळणांवर तिला मोकळेपणाने धावू द्यावे. विश्वस्ताने मात्र एवढे पाहावे, की जेव्हा किल्ली दुसऱ्याच्या हाती देण्याची वेळ येईल, तेव्हा तिच्यासोबत फाइलही देता यावी आणि फाइलमधील एकही पान लपवावे लागू नये.